प्राथमिकच्या वर्गात डिझाईन आणि तंत्रज्ञान : पहिली वस्तू फसल्यानंतरचा तास कुठे गेला?

पुठ्ठा_कात्री (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी प्राथमिकच्या मुलांना डिझाईन आणि तंत्रज्ञान शिकवते. वय साधारण सहा ते दहा. गणित, विज्ञान, भाषा कशी शिकवावी यावर इथे भरपूर चर्चा झाल्या आहेत, पण या विषयावर धागा दिसला नाही, म्हणून काढतेय. शिक्षक, पालक, सुतारकाम-शिवणकाम करणारे, इंजिनियर, सगळ्यांनी लिहा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पहिली वस्तू करताना मूल कापायला, चिकटवायला शिकतं. डिझाईन शिकतं ते त्यानंतर, म्हणजे ती वस्तू चालत नाही, मूल ती उलटीपालटी करून बघतं, 'इथे अडकतंय' म्हणतं आणि दुसरी करायला घेतं तेव्हा. आणि नेमका तेवढाच भाग बहुतेक वेळापत्रकांत नसतो. वस्तू झाली की टेबलावर मांडायची, फोटो काढायचे, पुढचा प्रकल्प सुरू.

चाकांच्या गाडीचं उदाहरण घेते. साहित्य साधंच: खोक्याचा पुठ्ठा, बांबूची काडी, स्ट्रॉ, चिकटपट्टी. काम एवढंच की उतारावरून सोडली की गाडी सरळ आणि जितकी लांब जाईल तितकी गेली पाहिजे. सात वर्षांची बहुतेक मुलं चाक काडीला पक्कं चिकटवतात आणि काडीही गाडीच्या पोटाला पक्की चिकटवतात. मग काहीच फिरत नाही, गाडी घसरते. इथे मोठ्यांची जीभ शिवशिवते. पण थांबलं तर मुलं स्वतःच दोन्ही उपायांपाशी पोचतात. कोणी काडी पक्की ठेवून चाकं सैल करतं, कोणी चाकं पक्की ठेवून काडी स्ट्रॉमधून फिरती करतं. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी सोडल्या की कुठली बरी यावर वर्गात जी वादावादी होते, तीच मला हवी असते.

मग डगमग सुरू होते, कारण भोक मधोमध नसतं. एका मुलीची गाडी सारखी डावीकडे जात होती. तिचं म्हणणं, उतार वाकडा आहे. मी म्हटलं, बरं, मग ते कसं बघशील? तिने आधी उतार फिरवून पाहिला, गाडी तरी डावीकडेच. मग गाडी उलटी केली, पेन्सिलचं टोक चाकाच्या कडेजवळ धरलं आणि चाक बोटाने हळूहळू फिरवलं. पेन्सिल आणि चाक यांच्यातली फट एकदा वाढायची, एकदा मिटायची. बराच वेळ ती तेच करत बसली. मग नव्या चाकासाठी कागदाचा गोल कापला, दोनदा अर्धा दुमडला, घड्या जिथे छेदतात तिथे भोक पाडलं. केंद्र काढायची ही युक्ती तिला आधी सांगितली असती तर तिने ती ऐकली असती आणि विसरली असती.

तुमच्याकडून जाणून घ्यायचंय:
मूल्यमापन कसं करता? आधी चित्र काढायला लावता का? खरी हत्यारं कुठल्या वयात हातात देता? आणि दुसऱ्या प्रयत्नासाठी वेळ कुठून काढता?


निवांत_पालक

फार गरजेचा धागा. पालक म्हणून लिहितो. मुलगा शाळेतून वस्तू आणतो, ती देखणी असते, आणि वर्गातल्या सगळ्यांची तशीच असते. एवढ्या मुलांच्या हातून इतकं एकसारखं काम कसं होतं? उघड आहे, साचा शाळेने दिला आणि शेवटचा हात मोठ्यांनी फिरवला. मुलाला विचारलं, हे असंच का केलंस, तर म्हणतो, बाईंनी सांगितलं. त्याला दुसरं उत्तरच माहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

घरी पालकांनी काय करावं यावरही कोणी लिहा.


खिडकीतला_वर्ग

पुठ्ठा_कात्री ताई, पूर्ण सहमत. त्यात एक भर घालते: वस्तू कोणासाठी करायची हे ठरलेलं नसेल तर दुसऱ्या प्रयत्नाला कारणच उरत नाही. मूल म्हणतं, 'मला आवडली', आणि तिथे बोलणं संपतं.

आमच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी बालवर्गासाठी हलत्या चित्रांची पुस्तकं केली. कागदाची पट्टी खाचेतून ओढली की मासा पोहतो, दार उघडतं, असली. मोठ्या मुलांच्या हातात सगळं झकास चालत होतं. मग ती पुस्तकं बालवर्गात नेली आणि करणाऱ्यांना गप्प बसून फक्त बघायला सांगितलं. चार वर्षांच्या मुलाने पट्टी धरली, पूर्ण ताकदीने ओढली आणि पट्टी मासळीसकट बाहेर! दुसऱ्याने तर पट्टी आत ढकलली आणि ती पानांत गडप झाली.

करणाऱ्यांचे चेहरे पडले, पण परतीच्या वाटेवरच बोलणं सुरू झालं. दुसऱ्या वेळी पट्टीच्या मागच्या टोकाला आडवा तुकडा लावला, तो खाचेपाशी अडतो. बाहेरच्या टोकाला जाड पुठ्ठ्याचं कान लावलं, म्हणजे पट्टी आत जात नाही आणि लहान बोटांना धरताही येतं. एका गटाने त्या कानावर बाण काढला, कुठल्या बाजूला ओढायचं ते कळावं म्हणून. यातलं काहीही मी शिकवलेलं नव्हतं. वापरणारा समोर होता, त्यानेच शिकवलं.


शिसपेन्सिल

मी थोडा वेगळा सूर लावतो. आधी चित्र, मग काम, ही शिस्त लहानपणीच लागायला हवी असं माझं मत आहे. आराखड्याशिवाय कामाला लागणं म्हणजे साहित्याची नासाडी. मी डिझाईनच्या क्षेत्रात आहे, कागदावर विचार करता न येणारी मोठी माणसं रोज बघतो.


पुठ्ठा_कात्री (धागाकर्ती)

@शिसपेन्सिल, तुमचा मुद्दा मोठ्या मुलांसाठी मला मान्य आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला 'आधी गाडीचा आराखडा काढ' म्हटलं की ते काय काढतं? गाडी काढतं, आत माणूस काढतं, वर सूर्य काढतं. ते गाडीचं चित्र असतं. काडी कुठून जाणार, चाक कशाने अडणार हे त्यात येऊच शकत नाही, कारण पुठ्ठा कसा वाकतो आणि काडी कशी सटकते हे हाताला अजून माहीत नाही. मग चित्र एकीकडे राहतं, वस्तू दुसरीकडे जाते, आणि कित्येकदा वस्तू झाल्यावर मुलं गुपचूप चित्र बदलतात, कारण दोन्ही जुळली पाहिजेत असं त्यांना वाटतं.

म्हणून लहान वर्गात मी आधी साहित्याशी खेळू देते, मग करू देते, आणि चित्र मधे आणते. पहिली वस्तू झाल्यावर, दुसरी करण्याआधी. त्या वेळी काढलेल्या चित्रात सूर्य नसतो. बाण असतात, 'इथे सैल पाहिजे' असं लिहिलेलं असतं.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांकडून मात्र मापं घातलेलं, बाजूने आणि वरून दिसणारं चित्र मागायलाच हवं.


शिसपेन्सिल

हे पटलं. दोन प्रयत्नांच्या मधे चित्र, हा क्रम माझ्या डोक्यात आला नव्हता. तरी एक सुचवतो: ते चित्र दुसऱ्या मुलाच्या हातात द्या आणि त्याला त्यावरून वस्तू करायला सांगा. चित्रात काय राहून गेलं ते लगेच कळेल, कोणाला काही समजवावं लागणार नाही.


खिडकीतला_वर्ग

वा, हे नक्की करून बघणार.


रंधा

हत्यारांबद्दल लिहितो. मुलांना लाकूडकाम शिकवतो, त्यामुळे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

खेळण्यातली हत्यारं देऊ नका. बोथट करवतीला जोर जास्त लावावा लागतो, जोर लावला की ती सटकते, आणि लागतं ते तेव्हाच. लहान आकाराची पण खरी, धार असलेली हत्यारं द्या आणि ती कशी धरायची हे आधी शिकवा. सहा-सात वर्षांना कात्री, पंच, स्क्रूड्रायव्हर, पॉलिश पेपर पुरे. आठच्या पुढे छोटी हॅकसॉ आणि हाताने फिरवायचं ड्रिल. हे ड्रिल मला फार आवडतं, कारण त्याचे दाते उघडे असतात. मोठं चाक एकदा फिरलं की छोटं किती वेळा फिरतं हे मूल डोळ्यांनी मोजतं. विजेच्या ड्रिलमधून यातलं काही दिसत नाही.

करवतीसाठी साधी फळी करून घ्या: एका कडेला खालून पट्टी, दुसऱ्या कडेला वरून पट्टी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवायचं. मूल कापायला जोर लावतं तेव्हा लाकूड आपोआप दाबून बसतं. शक्य असेल तर क्लॅम्पही लावा, म्हणजे दुसरा हात पात्यापासून लांब राहतो. कापणाऱ्याच्या भोवती जमिनीवर खडूने रेघ मारा, आत एकच मूल. केस बांधलेले, बाह्या वर, चष्मा डोळ्यांवर. नियम एवढेच, पण एकदाही ढिले पडू द्यायचे नाहीत.

ग्लू गन: 'कमी तापमानाची' असं वर लिहिलेलं असलं तरी भाजते. ती एकाच टेबलावर, मोठ्या माणसाच्या शेजारी.


चौकट_राजा

रंधा यांना अनुमोदन.

मी इमारतींच्या सांगाड्यांवर काम करतो. मुलांना सांगाडा शिकवायचा असेल तर पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या आणि मागून पाय फाकवायच्या त्या पितळी पिना घ्या. चौकोन करा आणि मुलाला कोपऱ्यावर दाबायला सांगा. चौकोन कलतो, शेवटी चपटा होतो. मग एक तिरकी पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आता कितीही दाबा, हलत नाही. पट्ट्यांची लांबी तीच ठेवून चौकोनाचा कोन बदलता येतो, त्रिकोणाचा बदलता येत नाही, कारण तीन बाजू ठरल्या की त्याचा आकार ठरतो. भूमितीत हे पुढे कधीतरी येईल, पण हाताला ते सातव्या वर्षीच कळलेलं असतं.

लाकडाच्या चौकोनी पट्ट्यांचा सांगाडा करायचा तर कोपऱ्यांवर दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचे त्रिकोण चिकटवा. ब्रिटनमधल्या प्राथमिक वर्गांत ही पद्धत जिंक्स फ्रेम म्हणून चालते. खिळे नकोत, अवघड सांधे नकोत, आणि सांगाडा मुलाचा भार घेईल इतका नसला तरी मोटर, चाकं आणि वर ठेवलेलं सामान सहज पेलतो.

खोक्याच्या पुठ्ठ्याबद्दल एक. त्याच्या आत नळ्यांसारख्या धारी असतात. धारी उभ्या ठेवल्या तर पुठ्ठा वजन घेतो, आडव्या ठेवल्या तर लगेच दुमडतो. एकाच पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा, एकात धारी उभ्या, एकात आडव्या, दोन्हींचे खांब करून वर पुस्तकं रचत जा. मुलं हे कधी विसरत नाहीत.


जुनी_पानं

इतिहासात जरा डोकावू या. हाताने शिकवण्याची कल्पना जुनी आहे. फिनलंडमध्ये 1866 साली लोकशाळांच्या अभ्यासक्रमात हस्तव्यवसाय आला, त्यामागे उनो सिग्नियस हे नाव होतं. स्वीडनमध्ये 1870 च्या दशकात ओटो सॉलोमन यांनी नेस इथे शिक्षकांना 'स्लॉइड'चं, म्हणजे हस्तकामातून शिकवण्याच्या पद्धतीचं, प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, पुढे तिथे अनेक देशांतून शिक्षक येऊ लागले. आपल्याकडे 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली, तीच नयी तालीम.

या धाग्याच्या दृष्टीने मला महत्त्वाचं वाटतं ते हे: स्लॉइडमध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणारी नमुन्यांची मालिका असे आणि विद्यार्थ्याने नमुन्याबरहुकूम वस्तू करायची असे. त्यातून हाताला नेमकेपणा येई, चिकाटी येई. पण वस्तू काय असावी हा निर्णय मुलाकडे नव्हता. तो निर्णय अभ्यासक्रमाने मुलाकडे सोपवणं ही बरीच अलीकडची गोष्ट. इंग्लंडमध्ये 1990 पासून डिझाईन आणि तंत्रज्ञान हा राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा भाग झाला, प्राथमिकपासून. तिथल्या 2014 पासून लागू असलेल्या अभ्यासक्रमात आराखडा करणं, वस्तू करणं, ती तपासणं आणि त्यासाठी लागणारं तांत्रिक ज्ञान असे भाग आहेत. पहिल्या टप्प्यात तरफा, सरकत्या पट्ट्या, चाकं-आस, पुढे दाते, कप्प्या, कॅम (फिरताना दुसरा भाग वर-खाली ढकलणारी चकती), विजेची मंडलं. म्हणजे 'तपासणं' तिथे कागदावर आहे. पुठ्ठा_कात्री म्हणतात तो तास कागदावरून वर्गात यायला हवा.


निवांत_पालक

उत्तम माहिती. नमुन्याबरहुकूम करण्यातही काहीतरी आहे, नाही का? सगळंच मुलावर सोडलं तर हात कधी तयार होणार?


रंधा

@निवांत_पालक, बरोबर पकडलंत. सरळ कापणं, मापाप्रमाणे खूण करणं, टाका घालणं हे शिकवावंच लागतं, आणि तेव्हा सगळ्यांनी एकसारखं केलं तरी चालतं. ते छोटे सराव वेगळे ठेवा, अर्ध्या तासाचे. पट्टीवर शून्य कुठे आहे हेसुद्धा दाखवावं लागतं. कित्येक पट्ट्यांना कडेनंतर थोडी मोकळी जागा सोडून शून्य असतो, मुलं कडेपासून मोजतात आणि सगळे तुकडे आखूड पडतात. हे सराव झाले की प्रकल्पात मात्र निर्णय मुलाचा.


बिट_बाय_बिट

प्रोग्रामिंग करतो, म्हणून 'तंत्रज्ञान' म्हटल्यावर लोक थेट स्क्रीनकडे का धावतात यावर लिहावंसं वाटलं. मुलांसाठीची लोगो भाषा 1967 ची, ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं स्क्रॅच 2007 मध्ये सगळ्यांसाठी आलं, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅचज्युनियर 2014 मध्ये. सगळी चांगली साधनं आहेत. त्यांचा सगळ्यात मोठा गुण तोच, ज्यावर हा धागा आहे: चुकलं तर लगेच बदलून परत चालवता येतं, साहित्य वाया जात नाही.

पण स्क्रीनवरच्या गाडीला घर्षण तेव्हाच असतं जेव्हा कोणी ते घालतं. खऱ्या गाडीत ते न मागता येतं. म्हणून माझं मत, लहान वयात आधी पुठ्ठा, मग मोटर, मग प्रोग्राम. ज्या मुलाने अडकणारं चाक सोडवलंय ते प्रोग्राममधली चूकही त्याच धीराने शोधतं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग बघायचं.

विजेच्या कामासाठी दीड व्होल्टचे साधे दोन सेल, होल्डर, टॉर्चचा छोटा बल्ब आणि वायर एवढं पुरतं. स्विच मुलांनीच करावा: दुमडलेला पुठ्ठा, दोन्ही आतल्या बाजूंना अॅल्युमिनियमची चंदेरी, दाबलं की जोडतं. रिचार्जेबल सेल मात्र वर्गात नकोत. तारा थेट एकमेकींना चिकटल्या तर त्यांतून फार मोठा प्रवाह वाहतो आणि वायर भाजण्याइतकी तापते.


स्टेथोस्कोप

बिट_बाय_बिट यांनी साधे सेल सुचवले ते फार बरं केलं. चकाकणारी भेटकार्डं करायला नाण्यासारखे चपटे बटण सेल सर्रास वापरतात. कृपया लहान मुलांच्या वर्गात ते आणू नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर जखम करू शकतो. बल्ब लागत नाही म्हणून 'संपलेला' समजून टाकलेल्या सेलमध्येही तेवढी वीज उरलेली असते. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता लगेच रुग्णालय गाठा. घरात धाकटं भावंड असेल तर शाळेतून घरी गेलेली वस्तूही धोक्याची, हे शिक्षकांच्या लक्षात राहत नाही.


पुठ्ठा_कात्री (धागाकर्ती)

डॉक्टर, मनापासून आभार. पालकांना पाठवायच्या सूचनेत हे शब्दशः घालते.

मूल्यमापनाचं मी काय करते ते लिहिते, कोणी विचारलं नाही तरी. पहिली वस्तू टाकू देत नाही. पहिली आणि दुसरी शेजारी ठेवायच्या आणि मुलाने तीन गोष्टी सांगायच्या: काय बदललं, का बदललं, बदल कामी आला हे कशावरून कळलं. लिहिता येत नसेल तर बोलून. 'आता छान दिसते' याला मी पुढचा प्रश्न विचारते. 'आधी टेबलाच्या पायापर्यंत जायची, आता भिंतीला लागते' हे पक्कं उत्तर. एका मुलाने सांगितलं, बदल केला पण गाडी आधीपेक्षा कमी गेली, कारण मोठ्या चाकांनी ती जड झाली असेल, आणि आता तो तेच मोठं चाक पातळ पुठ्ठ्याचं करून बघणार आहे. त्याला मी वर्गातले सर्वांत जास्त गुण दिले. त्याची गाडी सगळ्यात मागे होती.


चौकट_राजा

हे वाचून फार बरं वाटलं. आमच्या कामातही तपासणीचा अहवाल असाच लिहायचा असतो.


खिडकीतला_वर्ग

वेळेबद्दल मी लिहिते, कारण खरं दुखणं ते आहे. आठवड्याला एक सुटा तास असेल तर साहित्य काढण्यात आणि आवरण्यात निम्मा जातो. आम्ही तेवढेच तास एकत्र केले: सहामाहीत थोडे आठवडे रोज दोन जोडतास, बाकीच्या आठवड्यांत काहीच नाही. गोंद वाळायला रात्र मिळते, आणि काल काय बिघडलं ते मुलांना आठवत असतं. आठवडा उलटला की ते विसरलेलं असतं, मग दुसरा प्रयत्न पहिल्यासारखाच होतो.

आणि प्रकल्पांची संख्या सरळ निम्मी केली. मुख्याध्यापकांना पटवायला पहिली आणि दुसरी वस्तू शेजारी मांडून दाखवली, ताई सांगतात तशीच. प्रदर्शनात आता दोन्ही ठेवतो. पालकांना आधी पहिली वस्तू बघून संकोच वाटायचा, हळूहळू ते मुलांनाच विचारायला लागले की हिचं काय बिनसलं होतं.


निवांत_पालक

घरी काय करावं याचं उत्तर मला यातच मिळालं. हाच प्रश्न विचारीन. आणि मुलाच्या हातातली कात्री काढून घेणार नाही.

कात्रीवरून आठवलं, तो डावखुरा आहे. कागद कापताना फाटतो, दुमडतो, आणि शाळेतून 'हात वळत नाही' असा शेरा आलाय. काही उपाय?


रंधा

हात वळतो, कात्री चुकीची आहे. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हातासाठी बसवलेली असतात. उजव्या हाताने कापताना अंगठ्याचा दाब पाती एकमेकींना चिकटवतो. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पात्यांना एकमेकींपासून दूर ढकलतो, मधल्या फटीत कागद दुमडतो. शिवाय वरचं पातं नेमकी कापायची रेघ झाकतं, म्हणून मूल मान वाकडी करून बघतं. फक्त मुठी दोन्ही हातांना चालणाऱ्या असून भागत नाही, पातीच उलटी बसवलेली डावखुरी कात्री घ्या. घेताना ती डाव्या हातात धरून समोर करून बघा, वरचं पातं डावीकडे असलं पाहिजे. गोल कापताना त्याला कागद घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कापू द्या, उजव्या हाताची मुलं बरोबर उलट कापतात. आणि शाळेतही एक ठेवायला सांगा, वर्गात डावखुरं मूल बहुधा असतंच.